कोटाची पाठ

आत्याला पॅरिसबद्दल काहीही विचारावं. तिथल्या बायका मफलरची गाठ गळ्याच्या कोणत्या बाजूला घेतात, हातमोजे काढले की कुठे खोचतात, वारा सुटला की कॉलर एका हाताने वर करतात की दोन्ही हातांनी, सगळं ती सांगायची. आणि सांगायचीही अशा थाटात, की ऐकणाऱ्याला वाटावं, ही कालच जाऊन आलीय आणि अजून बॅगही उघडलेली नाही. प्रत्यक्षात बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे तिचं जाणं क्वचितच व्हायचं, आणि गेलीच तर दिवस मावळायच्या आत परत, कारण दुसऱ्याच्या घरची गादी तिला टोचायची.

गल्लीत सगळेच तिला आत्या म्हणत. खरं तर ती आत्या होती एकाच मुलीची, थोरल्या भावाच्या लेकीची. पण एका घरातली हाक गल्लीभर व्हायला कितीसा वेळ लागतो? पुढे पुढे तिच्याहून मोठ्या बायकाही तिला आत्या म्हणायला लागल्या. तिने ते मनाला लावून घेतलं नाही. मनाला लावून घ्यायला आधी मन जागेवर असावं लागतं, आणि हिचं सदान् कदा कुठल्या तरी ओल्या फरसबंदीवर फिरायला गेलेलं.

तिचं शिवणाचं दुकान म्हणजे घराचीच रस्त्याकडची एक खोली. खिडकीशी शिलाई मशीन, मधोमध कापायचं लांबलचक टेबल, भिंतीवरच्या खुंट्यांना अर्धवट कोट लटकलेले, कुणाला एकच बाही, कुणाला तीही नाही. इस्त्रीची वाफ आणि लोकरीचा ओलसर वास. आणि दाराशी, लाकडी पायावर उभा असलेला, कापडाने मढवलेला एक बिनमुंडक्याचा पुतळा, ज्याच्यावर कोट चढवून बघायचे. त्याला आत्या ‘जाऊबाई’ म्हणायची. लग्न नाही, सासर नाही, पण जाऊबाई आहेत, आणि त्याही तोंड नसलेल्या, यापरतं सुख कोणतं, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि स्वतःच आधी हसायची.

त्या गावचा हिवाळा लांबलचक आणि मोठा चिवट. सकाळचं धुकं खिडकीच्या काचेला नाक लावून बसलेलं असायचं ते दुपारपर्यंत हलायचं नाही. असल्या ठिकाणी बायकांचे गरम कोट शिवणारीला कामाची ददात नसते. पण नुसती ऊब विकायची असती तर आत्याने रजया शिवल्या असत्या. तिला वेड होतं ते वेगळंच.

त्या वेडाची सुरुवात झाली एका शिंप्याच्या दुकानात. आत्या तेव्हा कोवळी पोर होती, तिथे अस्तरं शिवायची. मास्तर कापडाला कात्री लावण्याआधी मापाचा साचा कागदावर कापायचे, आणि त्यासाठी रद्दीवाल्याकडून गठ्ठेच्या गठ्ठे आणायचे. एकदा त्यात आली जुनी फ्रेंच फॅशनची मासिकं. कागद जाड, गुळगुळीत. मास्तर खूश. आत्याच्या लक्षात येईपर्यंत वसंत संपला होता, उन्हाळा संपला होता, समुद्रकाठी पहुडलेल्या बायकांच्या पोटातून कुणाकुणाच्या पँटींचे साचे निघाले होते. उरला होता तेवढा हिवाळा. ती पानं तिने हातापाया पडून मागून घेतली. म्हणून आत्याच्या पॅरिसमध्ये कायम थंडी असते. तिथे कधी कडक ऊनही पडतं, हे तिला पुढे कुणाच्या बापाला पटवता आलं नाही.

भाषा येत नव्हती, त्यामुळे वाचायची कटकट नव्हती. ती नुसती बघायची. पानावरची एक बाई उंटाच्या रंगाचा कोट घालून पुलावर उभी आहे. कोटाचा खांदा तिच्या खांद्यावरच संपतो, बोटभरही पुढे जात नाही. आत पातळ लोकरीचा काळा स्वेटर, गळ्यापर्यंत. मफलर दुहेरी घेऊन टोकं त्याच्याच फासातून ओढलेली. टोपी किंचित तिरपी, जशी काही ती घालताना कुणी तरी दारातून हाक मारली आणि आरसा बघायचा राहून गेला. ही बाई कुठून आली असेल? कुणाला भेटून? आत्या टाके घालता घालता तिच्या मागोमाग पुलावरून चालत जायची, आणि मास्तरांनी टेबलावर टिचकी मारली की परत यायची.

त्या पानांतून तिने जे उचललं त्याचा पुढे तिने धर्मच केला. एकावर एक पातळ घालावं, एकच जाड घालू नये. थंडी शिरते ती मानेतून आणि मनगटातून. ती दोन दारं बंद करा, मग बाकीच्या घराला वारा लागत नाही. पाच कोट ढिगाने घेण्यापेक्षा एकच घ्या, पण असा, की तो खुंटीवरही देखणा दिसेल. टोपी, मफलर आणि मोजे एकाच रंगाचे घालणाऱ्या बाईकडे ती अशा नजरेने बघायची की ती बाई घरी जाऊन एक तरी वस्तू बदलायची. आणि माप घेताना एक प्रश्न ठरलेला: “हा घालून जायचं कुठे?” औषधाच्या दुकानातली बाई म्हणायची, दुकानातच, अजून कुठे. बसची कंडक्टरीण म्हणायची, बसमध्ये. आत्या मान हलवायची आणि मनातल्या मनात त्यांना नदीकाठच्या झाडांखालून चालवायची. कोट बेतायचा तो त्या चालण्यासाठी. मग घालणारी बाई तिकिटं फाडताना का घालेना.

आता पाठीची गोष्ट.

मासिकांतल्या सगळ्या बायका समोर बघायच्या. एखादी जरा तिरकी उभी असेल, पण पाठ दाखवलेली एकही नाही. आणि कोटाला पाठ तर लागते. मास्तरांना विचारावं तर ते म्हणाले, “पाठीला कोण बघतंय? सरळ कापड टाक आणि मोकळी हो.” आत्याला ते पटेना. एवढं समोरून नटणारी बाई मागून उघडी भिंत असेल कशी? मग ती दुपारी जेवणानंतर डोळे मिटून पडायची आणि पुलावरच्या बाईला म्हणायची, “जरा वळा ना हो.” कितीतरी दिवस बाई जागची हलली नाही. आणि एके दुपारी वळली. सावकाश, कुणाची तरी वाट बघून कंटाळल्यासारखी. तिच्या पाठीवर दोन खांद्यांच्या मधून एक खोल घडी खाली गेली होती, कमरेला अर्धा पट्टा, पट्ट्याच्या दोन टोकांना दोन बटणं. आणि बाई चालायला लागली, तशी ती घडी पावलागणिक उघडायला लागली, आणि आत दुसऱ्याच रंगाची पट्टी दिसली. दिसली, मिटली. दिसली, मिटली.

आत्या धडपडत उठली आणि खडू शोधायला लागली.

तेव्हापासून तिच्या हातचा प्रत्येक कोट तसाच. आतल्या पट्टीचा रंग ती स्वतः ठरवायची, गिऱ्हाइकाला विचारायची नाही. कंडक्टरीणबाईंना हळदी, औषधाच्या दुकानातलीला मोरपंखी, शाळेतल्या बाईंना, ज्यांना पोरं चळाचळा कापायची, त्यांना चक्क गुलबक्षी. जिचा रंग तिला तो कधीच दिसायचा नाही, मागून येणाऱ्याला दिसायचा. “पॅरिसमध्ये असंच असतं,” आत्या सांगायची, आणि ते थाप म्हणून नव्हे. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, फक्त डोळे मिटलेले होते. गावाने विश्वास ठेवला. धुक्यातल्या सकाळी कामावर जाणाऱ्या बायकांच्या पाठीवर रंग लुकलुकत असायचे आणि सगळ्यांना वाटायचं, आपण पॅरिसच्या रीतीने चाललोय.

कुणी म्हणेल, आता टीव्ही आहे, फोन आहे, एवढ्या वर्षांत हिला पॅरिसची पाठ एकदाही दिसली नाही? दिसलीही असेल. पण आत्या टीव्ही ऐकायची, बघायची नाही, डोळे सुईवर. आणि पॅरिस बघायला फोन लागतो, हेच तिला हास्यास्पद वाटायचं.

भावाची लेक तिच्याकडे राहायला आली ती शाळा जवळ म्हणून, आणि मग राहूनच गेली. कॉलेज झालं, नोकरी लागली, चष्म्याच्या काचा घासणाऱ्या कारखान्यात, तरी वरच्या खोलीतला तिचा पलंग काही हलला नाही. पोरगी आत्याच्या अगदी उलट. चटपटीत, तोंडाळ, सुईत दोरा ओवायचा म्हटलं तर कपाळाला आठ्या. दिवसभर आत्याची टर उडवायची आणि रात्री तिच्याच पांघरुणात पाय गरम करायची. आत्याचा जीव होता तिच्यावर. तसा तिने तो कधी बोलून दाखवला नव्हता, कोट शिवून दाखवला होता, दर दोन-चार हिवाळ्यांनी एक.

आणि एक दिवस कारखान्याने तिला बढती देऊन पाठवायचं ठरवलं, ते नेमकं पॅरिसला. चांगली तीन वर्षं. नव्या यंत्रावर काम शिकायचं आणि तिथेच करायचं.

गल्लीत आनंदीआनंद. जो तो पोरीऐवजी आत्याचंच अभिनंदन करायला लागला. आत्याने मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कापडाच्या दुकानात जाऊन इतका वेळ ठाण उकलायला लावलं की दुकानदाराने शेवटी तिला स्टूल दिलं. गडद निळी लोकर आणली, जड पण मऊ. आणि पट्टीसाठी डाळिंबी. तिच्या हातचा कोट पहिल्यांदाच खरोखरच्या पॅरिसमध्ये चालणार होता. तिथल्या बायकांच्या रांगेत, तिथल्या थंडीत. आपलं आयुष्यभराचं शिवणकाम तिथे शोभेल का, एवढंच तिला कळून घ्यायचं होतं. बाकी पोरगी दूर चालली, तीन वर्षं घर सुनं होणार, हे सगळं तिने त्या एका काळजीच्या घडीत दाबून ठेवलं होतं.

वहिनींचं, म्हणजे पोरीच्या आईचं, वेगळंच. त्यांना हे कोटांचं प्रस्थ कधी मानवलंच नाही. स्वतः त्या घरात स्वेटरवर स्वेटर आणि त्यावर नवऱ्याचं जाकीट घालून वावरायच्या. त्या एक फुगीर, पिसं भरलेलं तयार जॅकेट घेऊन आल्या आणि टेबलावर टाकलं. जॅकेट फस्स करून बसलं.

“वन्सं, तुम्ही रागावू नका,” त्या म्हणाल्या, “पण तिथे म्हणे हाडं गोठतात. ऐटीने ऊब येत नाही.”

“वहिनी, हे घालून ती चालली ना, की लोक म्हणतील, बाई गादी घेऊन निघाली, घर कुठे मिळालं नाही वाटतं.”

“म्हणू देत. गादी का होईना, गरम आहे.”

पोरगी दोघींच्या मध्ये उभी राहून हसत होती. तिला दोन्ही चालणार होतं.

कोट कच्च्या टाक्यांवर उभा राहिला त्या संध्याकाळी पोरगी धावत आली. तिथल्या कारखान्यातली एक बाई तिला घ्यायला येणार होती. तिने स्टेशनपासून खोलीच्या दारापर्यंतचा रस्ता चालता चालता फोनच्या कॅमेऱ्याने टिपून पाठवला होता, पोरगी चुकू नये म्हणून.

“आत्या, सुई ठेव. हे बघ, तुझं पॅरिस!”

आत्याने हात पुसले, चष्मा लावला आणि श्वास रोखून बघायला लागली. रस्ता ओला होता, अगदी हवा तसा. झाडं उघडी, दिवे लागलेले. आणि टिपणारी बाई गर्दीबरोबर चालत होती, त्यामुळे सगळ्या रस्त्यावर पुढे चाललेल्या बायकाच बायका. पाठमोऱ्या. काळा कोट, राखी कोट, उंटाच्या रंगाचा कोट. आत्या एकीकडून दुसरीकडे बघत गेली. सगळ्या पाठी सपाट. घडी नाही, पट्टा नाही, बटणं नाहीत. खाली पाय टाकायला एक छोटा काप, आणि आत काहीच नाही. मास्तर म्हणायचे तसं, सरळ कापड टाकून मोकळ्या झालेल्या.

“किती सुंदर आहे ना?” पोरगी म्हणाली.

“हो,” आत्या म्हणाली. “पुन्हा दाखव.”

पुन्हा पाहिलं. पाठी बदलल्या नाहीत.

पोरगी वर गेली आणि आत्या जाऊबाईंसमोर खुर्ची ओढून बसली. तिला लाज वाटली, खरीखुरी, कान तापवणारी लाज. एवढ्या बायकांना तिने पॅरिसच्या नावाखाली आपल्या दुपारच्या झोपेतलं काहीबाही विकलं होतं. पण त्याहून मोठी होती ती भीती. पोरगी परक्या जागी, एकटी, धड भाषा येत नाही, आणि पहिल्याच दिवशी रस्त्यावर लोक तिच्या पाठीकडे बोट दाखवून हसतायत. तेही आत्याच्या हातच्या कामाला. तिने उसवणी उचलली. अर्धा पट्टा काढला, बटणं काढली, डाळिंबी पट्टी ओढून काढली आणि घडी आतून शिवून टाकली. मग वाफेची इस्त्री अशी दाबली की वळही उरू नये. कोट झाला अगदी त्या रस्त्यावरच्यासारखा. त्यात दोष काढायला जागा नव्हती, आणि आत्याला त्याच्याकडे बघवत नव्हतं.

त्यानंतरचे दिवस मोठे कोरडे गेले. खिडकीतून कंडक्टरीणबाई जाताना दिसल्या, पाठीवर हळदी लुकलुकला, आणि आत्या चटकन खाली वाकून नसलेली टाचणी शोधायला लागली. शाळेतल्या बाईंच्या बहिणीचा कोट तिने सपाट पाठीचा बेतला, तर ती बाई ट्रायलला येऊन गोल फिरली आणि म्हणाली, “आत्या, बरं नाहीये का तुम्हाला? पाठ करायची विसरलात.” आत्याने वहिनींनाही कोट दाखवला. वहिनींनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, “बरा आहे की. साधा.” इतक्या वर्षांत वहिनींनी तिच्या कोटाला पहिल्यांदा बरं म्हटलं होतं, आणि तेच तिला जास्त लागलं.

मग पोरीने कोट घालून पाहिला. समोरून काय दिसली! खांदा खांद्यावर, कॉलर मानेला बिलगलेली, आत पातळ राखी स्वेटर. आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगी आरशाकडे पाठ करून मान वळवून बघायला लागली.

“आत्या, पाठ कुठाय?”

“ही काय.”

“ही पाठ आहे? ही भिंत आहे. माझा रंग कुठे गेला?”

“तिथे अशीच असते. तूच दाखवलंस.”

पोरीला आधी कळेना. मग कळलं. “म्हणजे ती घडी, पट्टा, आतला रंग... ते पॅरिसचं नाहीच? तुझ्या मनाचं?” आणि ती हसायला लागली. पोट धरून, टेबलाला टेकून हसली. “अख्खं गाव, आत्या! अख्ख्या गावाला तू...”

“हस,” आत्या म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. “तिथलेही असेच हसतील. म्हणून काढून टाकलं.”

पोरगी हसायची थांबली. “मी तसं नाही हसले. लाव ते परत.”

“नाही.”

“लोक पाठीमागे हसतात ते इथे काय कमी हसतात? लाव.”

“माझ्या हाताने तुझं हसं व्हायचं नाही.”

“मग मला हा नकोच.”

“नको घालूस. वहिनींनी गादी आणलीय ना, ती घाल!”

दोघी एकाच घराण्यातल्या. माघार कुणी घ्यायची? पोरीने कोट काढून जाऊबाईंच्या अंगावर टाकला आणि धाडधाड जिना चढली. रात्री पांघरुणं दोन झाली. वरच्या बॅगेत ते फुगीर जॅकेट जाऊन बसलं. जायचा दिवस जवळ आला तरी आत्याने विचारलं नाही आणि पोरीने सांगितलं नाही.

जायच्या आदल्या दुपारी पोरगी कारखान्यात निरोप घ्यायला गेली होती. दुकान बंद ठेवलेलं. बाहेर धुकं जरा विरळ झालं होतं आणि टेबलावर दुधाळ उजेड पडला होता. आत्याने पुलावरच्या बाईचं पान काढलं, इतक्या वर्षांत कडा पार मऊ झालेलं, आणि टेबलावरच डोकं टेकून डोळे मिटले. तिला बाईला फक्त एवढंच सांगायचं होतं, की आता मला सगळं कळलंय, तुमची पाठ मी पाहिली, सपाट असते. “वळा,” ती म्हणाली, “आणि एकदाची दाखवा मला.”

बाई वळली. पाठीवर खोल घडी होती. कमरेला अर्धा पट्टा. आत्या म्हणाली, “अहो, तशी नसते.” बाई ऐकायला थांबली नाही, चालायला लागली, आणि घडी उघडून आतला रंग दिसायला लागला. दिसला, मिटला. दिसला, मिटला. आत्याने खूप प्रयत्न केला. फोनमधल्या सगळ्या पाठी आठवून एकेक तिच्यावर चढवून पाहिली. एकही बसेना.

ती उठून बसली तेव्हा गाल टेबलावर टेकून लाल झाला होता. हे पॅरिसचं नव्हतं. मास्तरांचं नव्हतं, मासिकाचं नव्हतं. हे जगात कुणाचंच नव्हतं, म्हणजे मग हे तिचं होतं. असा विचार तिच्या मनात आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि तिला एकदम धडधडायला लागलं, कुणी तरी आपल्या नावाने मोठ्याने हाक मारल्यासारखं. भीती तिची गेली नव्हती. पण पोरीला परक्या मुलखात पाठवायचं आणि अंगावर आपलं म्हणून काहीच द्यायचं नाही, हे तिला त्या भीतीपेक्षा जास्त सोसवेना. तिने उसवणी घेतली आणि घडी मोकळी केली. डाळिंबी पट्टी कचऱ्याच्या टोपलीत टाकली नव्हती, पुरचुंडीत होती, ती लावली. अर्धा पट्टा आणि बटणं लावली. मग कोट जाऊबाईंना घातला, त्यांचं तोंड, म्हणजे जिथे असायला हवं होतं ते, भिंतीकडे केलं आणि ती वर चहा टाकायला गेली.

थोड्या वेळाने खाली दार वाजलं. जाऊबाईंचा लाकडी पाय फरशीवर घासला. मग जिन्यावर पावलं आली, आणि पोरगी कोट घालूनच आत आली, तशीच आत्याच्या अंगावर पडली. “आता हसशील?” आत्याने विचारलं. पोरगी तिच्या खांद्यात तोंड खुपसून नुसती नाही नाही अशी मान हलवत राहिली. चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर आत्याचा दादा, वहिनी आणि आत्या. दोघी बायका पोरीला एवढं काय काय सांगत होत्या, की त्यात काही अर्थ नव्हता. वहिनींनी जॅकेट एका पिशवीत कोंबून सोबत दिलंच, “विमानात पांघरायला तरी.” दादाने पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. आत्याने मफलर दुहेरी घेऊन तिच्या गळ्यात घातला, टोकं फासातून ओढली, कॉलर नीट केली. मग पुढे सोबतच्यांना जाऊ देत नाहीत तिथे पोरगी आत गेली आणि हे तिघे काचेपाशी उभे राहिले.

काचेपलीकडे गर्दी होती. सगळे पाठमोरे. काळी जाकिटं, काळे कोट, काळ्या बॅगा, कुणाची कोणती ते ओळखू येऊ नये अशी. आणि त्या सगळ्यांतून एक डाळिंबी ठिणगी पुढे चालली होती. दिसायची, मिटायची. आत्याने काचेवर हात ठेवला. इतकी वर्षं तिने कोट शिवले ते जाणाऱ्या बाईसाठी शिवले. मागे उभं राहणाऱ्याला काय दिसतं ते तिने आज बघितलं, कारण मागे उभी राहायची पाळी आज तिची होती.

वहिनींच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. चष्मा पुसून पुसून तो आणखी धूसर झाला होता. “वन्सं, कुठे गेली? मला काही दिसत नाहीये हो. दिसते का?”

“ती बघा ना. त्या खांबाशी. दिसला रंग?”

“हो, हो! आता?”

“आता रांगेत थांबली. आता निघाली. डाव्या अंगाला बघा, वहिनी.”

“तो? तो लाल?”

“डाळिंबी.”

वहिनींनी आत्याचा हात घट्ट धरला होता. पोरगी लांबवर एका वळणापर्यंत गेली. रंग एकदा दिसला, मिटला. पुन्हा दिसला. मग ती वळली आणि मागची गर्दी पुढे सरकून तिची जागा भरून गेली.

“आता?” वहिनींनी विचारलं. “अजून दिसते?”

आत्याने रिकाम्या वळणाकडे बघितलं. “दिसतेय,” ती म्हणाली.

“काय करतेय?”

“चाललीय. छान चाललीय. कॉलर वर केलीय, एका हाताने. रस्ता ओला आहे, पण तिला ठाऊक आहे कुठे वळायचं ते. थंडी आहे, वहिनी, पण मान झाकलेली आहे तिची.”

दादाला सगळं नीट दिसत होतं. त्याने गाडीची किल्ली खिशातून काढली, दोघींकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. “चला आता,” तो हळूच म्हणाला.

“थांबा हो जरा,” वहिनी काचेला कपाळ टेकवून म्हणाल्या. “दिसतेय म्हणतायत ना त्या.”

दादाने किल्ली परत खिशात टाकली.